विरजणाची हद्द

ठाण्याच्या नौपाड्यातून सासरी निघाले तेव्हा मांडीवर स्टीलचा डबा होता आणि डब्यात माहेरचं विरजण. आई दारातून म्हणाली, "सांडलं तर शेजारी माग. लाजू नकोस." मी मान हलवली, ती तिचं मन राखायला. मागायचं कुणाकडे? सासरच्या, मोहने गावातल्या कारखान्याच्या चाळीत? नौपाड्याच्या मुलीने?

कल्याण यायच्या आत डबा माझ्या शालूवर उपडा झाला. पुढे या महाराणी, म्हणजे मी, दुधात लिंबू पिळून दही लावत बसल्या. नवरा बिचारा ते फाटलेलं प्रकरण चमच्याने खात "जमतंय, जमतंय" म्हणायचा. शिवाय सारखं झाकण उघडून बघायची माझी खोड. शेवटी शेजारच्या सुलभावहिनींनी न मागता विरजणाची वाटी आणून ठेवली. "किती दिवस पाहुणी राहणारेस?" एवढंच म्हणाल्या.

ते दही अजून चालू आहे. मुलाने चाळीजवळच्या नाल्याच्या अलीकडे टॉवरमध्ये फ्लॅट घेतला, तेव्हाही डबा माझ्याच मांडीवर होता, या वेळी झाकण दोरीने बांधून. वहिनी पलीकडे चाळीतच राहिल्या. रोज दुपारी मधल्या गल्लीतून येतात, गुडघ्यांना शिव्या घालत.

आता आमच्या टॉवरवाल्यांनी परिसराचा रहिवासी संघ काढलाय. सेक्रेटरी निखिल, आमच्याच मजल्यावरचा. त्याने मिटिंगमध्ये मोबाइलवरच्या नकाशावर बोट फिरवलं आणि हद्द ठरवली: नाल्यापर्यंत. तिथे गेट, गल्ली बंद.

"सिक्युरिटीचा प्रश्न आहे, आजी."

"आणि वहिनी कुठून येणार रे?"

"मेन रोडने. थोडंसंच लांब पडतं."

मिटिंगहून घरी आल्यावर एका जागी बसवेना. खिडकीतून चाळीचे पत्रे बघायचे, परत स्वयंपाकघरात, परत खिडकीत.

दुसऱ्या दिवशी निखिलची आई वाटी घेऊन आली. त्यांचं दही संपलं की विरजण माझ्याकडूनच जातं.

"माझंही संपलं गं," मी फ्रीजला पाठ लावून म्हणाले. "निखिलला पाठव वहिनींकडे, मूळ दही त्यांचंच. आणि मेन रोडनेच जा म्हणावं."

बऱ्याच वेळाने निखिल घामाघूम होऊन आला. एका हातात वाटी, दुसऱ्या हातात वहिनींनी बांधून दिलेल्या अळूवड्या.

"येताना गल्लीने आलास ना?"

"ऊन होतं, आजी."

नकाशावरची रेघ त्याने पुसली आहे. नवी अजून काढलेली नाही, रविवारच्या मिटिंगमध्ये ठरणार. तोवर माझं मन थाऱ्यावर नाही. झाकण उघडून बघत बसलं की दही लागत नाही, असं आई म्हणायची. मी अजून उघडतेच.

नौपाड्यात राहिलेल्यांनो, आणि तिथून उठून कुठे कुठे गेलेल्यांनो, तुम्ही भेटलात की विचारता, घर कुठलं म्हणायचं आता? रिकामी वाटी घेऊन गेलं तर 'कशाला आलीस' असं जिथे कुणी विचारत नाही, तिथवर माझं घर. रविवारी वहिनींना घेऊन मी पहिल्या रांगेत बसणार आहे. गल्लीनेच आणणार त्यांना.

आणि फ्रीजमध्ये विरजण होतं, हे निखिलच्या आईला कुणी सांगू नका.