आसाराम तात्यांचा हात

आमच्या गावात आसाराम पोकळे कुठं राहतात असं विचारलं तर लोक डोकं खाजवतात. ‘बिनतारी’ कुठं राहतो म्हटलं की कोणीही थेट आमच्या गल्लीत आणून सोडतं. पोलिसांच्या बिनतारी खात्यात त्यांची नोकरी झाली. पेन्शन लागली, केस पांढरे झाले, तरी नाव तेच राहिलं. मी त्यांना तात्या म्हणतो. आमची घरं समोरासमोर आहेत आणि गल्लीच्या टोकाला मारुतीचं देऊळ. तात्यांवर लिहायला माझ्यापेक्षा बरा माणूस सापडला असता, पण हे सगळं घडलं तेव्हा त्यांच्या पत्र्याच्या खोलीत मीच बसलेला होतो, त्याला काय करणार.

तात्या अंगानं वाळके, आवाज बारीक. लग्नाच्या पंगतीत वाढपी त्यांना ओलांडून पुढं गेला तरी हाक मारणार नाहीत. पण मोर्सच्या बटनावर बोटं टेकली की हा माणूस बोलायला लागतो. मोर्स म्हणजे टिंब आणि रेघ यांची भाषा. बटन जरासं दाबलं की टिंब, थोडं धरून ठेवलं की रेघ. नोकरीत त्यांनी बंदोबस्ताच्या हुकमापासून पुराच्या निरोपापर्यंत सगळं असंच ठोकून पाठवलं. नंतर परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना काढला आणि नगरच्या एका फौजी माणसाकडून वाल्वचा जुना ट्रान्समीटर आणला, धान्याच्या कोठीएवढा. अंगणात दोन बांबूंवर एरियलची तार ताणली. सुभद्राकाकूंनी पहिल्याच दिवशी तिच्यावर लुगडं वाळत घातलं. त्यावरून नवराबायकोत जे झालं ते लिहिण्यासारखं नाही.

रोज दिवेलागणीला तात्यांची गाठ पडायची ती कोईमतूरच्या चंद्रशेखरन यांच्याशी. ते पूर्वी बोटीवर बिनतारीवाले होते. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. यांना तमिळ येत नाही, त्यांना मराठी येत नाही. इंग्रजीचे तुकडे जोडून चालायचं.

“रोज काय बोलता हो एवढं?” मी एकदा विचारलं.

“गुडघ्यांचं,” तात्या म्हणाले. “त्यांचा डावा दुखतो, माझा उजवा.”

आता देवळाचं. संध्याकाळी तिथं हरिपाठ असतो. भोंगा नेमका तात्यांच्या खोलीकडं तोंड करून बसवलेला. तात्या रोज कुरकुर करायचे, “ह्या भोंग्यापायी कामात ध्यान लागत न्हाई.” आणि देवळातले लोक तात्यांच्या नावानं कुरकुर करायचे, कारण तात्या बटन ठोकायला लागले की भोंग्यातून घर्र, घर्र असा आवाज निघायचा. ट्रान्समीटरची लहर देवळाच्या वायरीत शिरायची. भजनी मंडळाचे विठ्ठलराव त्याला ‘बिनतारीचा बेडूक’ म्हणायचे. गावाला सवय झाली होती.

सप्त्यात मात्र बाहेरगावचे महाराज आले. त्यांनी कीर्तन थांबवून विचारलं, “हे मधे मधे कोण बोलतंय?” दुसऱ्या दिवशी सकाळीच विठ्ठलराव तात्यांच्या दारात.

“आसाराम, आजपस्तोर सोसलं. काल महाराजांनी माझ्याकडं बघितलं बे! त्यांना वाटलं मीच ढेकर देतोय.”

तात्या ओशाळले. त्यांनी सेट उघडला. आतले जुने कंडेन्सर सुकून गेले होते, म्हणून लहरीतच घरघर होती. नगरहून नवीन आणून बसवले आणि घरघर बंद झाली. विठ्ठलरावांनी स्वतः प्रसादाचा शिरा आणून दिला. सगळं छान झालं.

आणि तात्यांचा हात गेला.

हात म्हणजे मोर्सवाल्यांच्या बोलीत ठोकण्याची ढब. प्रत्येकाची वेगळी असते म्हणे, बोलण्याचा हेल असतो तशी. मला त्यातलं कळत नाही, तात्या सांगतात ते लिहितो. शिरा खाल्ला त्याच संध्याकाळपासून त्यांची टिंबं एकमेकांत अडकायला लागली. रेघा कधी लांब, कधी तोकड्या. चंद्रशेखरन पुन्हा पुन्हा ‘परत सांगा, परत सांगा’ म्हणायचे. तात्या घामाघूम व्हायचे. आठवडाभर हे चाललं आणि मग एके संध्याकाळी तात्या बटनावरचा हात काढून नुसतेच बसून राहिले.

“काय म्हणाले?” मी विचारलं.

“म्हणतेत, ठोकणारा कोण हाय? आसारामला बोलवा.”

मला हसू आलं होतं, पण त्यांचा चेहरा पाहून आवरलं.

“वय झालं,” तात्या म्हणाले. “दुसऱ्याचा येळ कशापायी खायचा?” जिल्ह्यातल्या एका कॉलेजचे प्राध्यापक जुन्या वस्तूंच्या दालनासाठी हा सेट पूर्वीपासून मागत होते. तात्यांनी त्यांना फोन करून टाकला. पुढच्या सोमवारी टेम्पो आणतो, असं ते म्हणाले. फार आनंद झाला होता त्यांना.

त्यानंतर तात्या खोलीत जाईनात. संध्याकाळी ओट्यावर बसायचे आणि देवळातल्या हरिपाठाबरोबर मांडीवर बोटं आपटायचे. सुभद्राकाकू समोर तूर निवडत बसायच्या. मी होतोच.

एकदा काकू सुपातून मान वर न करता म्हणाल्या, “आवं, मागं देवळाचा भोंगा दुरुस्तीला गेलता, तवाबी तुमचं आसंच झालतं.”

“कसं?”

“आसंच. सगळ्यांवर वसकत व्हता. ताप आला म्हणून गोळ्या खाल्ल्या. भोंगा आला आन् ताप गेला.”

“भोंग्याचा आन् माझ्या हाताचा काय संबंध?”

“मला काय म्हाईत? तुमी बेडूक ऐकून वाजवत असचाल.”

तात्या हसले. मग हसता हसता थांबले. मग उठून चपला न घालताच खोलीत गेले. मी मागोमाग गेलो.

त्यांनी मला समजावलं ते असं. पोलिसांच्या सेटमध्ये बटन दाबलं की ठोकणाऱ्याच्या कानात पी-पी वाजायचं. त्याला साइडटोन म्हणतात. आपण काय ठोकतो ते आपल्यालाच ऐकवायचं, एवढंच त्याचं काम. या जुन्या सेटला तो नाही. बटन दाबलं की ऐकायचा रेडिओ गप्प होतो आणि माणूस मुक्यानं ठोकत राहतो. इतके दिवस तात्यांना वाटत होतं की आपल्याला त्याची गरजच नाही, आपला हात मुरलेला आहे. प्रत्यक्षात त्यांचा साइडटोन मारुतीच्या देवळावर टांगलेला होता.

“खात्री कशी करायची?” मी म्हणालो.

दुसऱ्या संध्याकाळी तात्यांनी जुने कंडेन्सर परत जोडले, नुसतं तपासण्यापुरते. देवळात टाळ वाजायला लागले, तात्यांनी बटनावर बोटं ठेवली आणि भोंग्यातून घर्र, घर्रर्र, घर्र! तात्यांचं मनगट असं सुटलं की मी पाहतच राहिलो. माझ्यासारख्या अडाण्यालाही त्यातली लय कळत होती. थोड्याच वेळात विठ्ठलराव गळ्यात टाळ तसेच घेऊन पळत आले.

“आसाराम! शिरा खाल्ला ना बे तू?”

“खाल्ला, विठ्ठलराव. लई गोड व्हता,” तात्या म्हणाले. मी त्यांना एवढं मोठ्यानं हसताना कधी ऐकलं नव्हतं.

विठ्ठलरावांना सगळं सांगितलं. त्यांनी गळ्यातले टाळ सावरले. मग छाती पुढं काढून म्हणाले, “म्हणजे आमच्या भोंग्यावर कोईमतूर चाललंतं!” ही बातमी त्यांनी रातोरात गावभर केली. पण बेडूक आजचाच, उद्या दिसता कामा नये, हेही बजावून गेले.

कंडेन्सर पुन्हा बदलले. आता सेटला साइडटोन बसवायचा. सोमवार तर तोंडावर आलेला. तात्यांना जुन्या सेटला भोक पाडायचं नव्हतं. त्यांनी एरियलच्या तारेजवळ नुसतं वायरचं वेटोळं ठेवलं. बटन दाबलं की त्या वेटोळ्यात थोडी वीज जागी होते. तिच्यावर एक छोटा आवाज चालू-बंद करायचा, बस्स. आवाजासाठी घाईत त्यांनी घरच्या पाण्याच्या टाकीचा अलार्म काढून जोडला. तो निघाला बोलका. टिंबाला “पा”, रेघेला “पानी”, आणि जरा जास्त दाबलं तर “पानी की टंकी”. शेजारच्या कडूबाई भिंतीवरून ओरडल्या, “आवो, मोटार बंद करा, टाकी भरली!”

मग तात्यांनी शांतपणे एक ट्रान्झिस्टर, दोन-चार बारीकसारीक वस्तू आणि मोडक्या रेडिओचा स्पीकर घेऊन नीट सर्किट केलं. मी टॉर्च धरला. माझा हात हलतो म्हणून दोनदा बोलणीही खाल्ली. पहिला आवाज फारच बारीक आला.

“डास हाय का त्यो?” काकू दारातून म्हणाल्या.

तात्यांनी स्क्रू फिरवला.

“आजूक खाली.”

पुन्हा फिरवला.

“आता म्हशीवाणी झालं. वर घ्या जरा.” असं करत करत एका ठिकाणी काकू म्हणाल्या, “हां. आता माणूस बोलल्यावाणी वाटतंय.” तात्यांनी तिथं स्क्रूवर लाखेचा थेंब सोडला.

सोमवार उद्यावर होता. संध्याकाळी तात्या बसले. काकू चहा घेऊन आल्या त्या तिथंच थांबल्या. इतके दिवस मांडीवर आपटणारी बोटं बटनावर नुसती टेकलेली होती, दाबायचं धाडस होत नव्हतं.

“दाबा की,” काकू म्हणाल्या. “आमी न्हाई हसत.”

तात्यांनी कोईमतूरला हाक घातली. स्पीकरमधून टिंबं, रेघा मोकळ्या, सुट्या बाहेर पडत होत्या. नाव सांगितलं नाही, मुद्दामच. पाऊसपाण्याची चार अक्षरं पाठवली आणि हात काढला. ऐकायच्या रेडिओत खरखर झाली. बराच वेळ काहीच नाही. मग पलीकडून ठोका आला. तात्या ओठ हलवत ऐकत होते.

“काय?” काकूंनी विचारलं.

“विचारतेत...” तात्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “विचारतेत, आसाराम, कुठं गेलता?”

काकूंनी कपबशी खाली ठेवली. मग अंगणात गेल्या आणि उगाचच झाडायला लागल्या.

त्यानंतर दोघांचं बराच वेळ चाललं. मधे एकदा तात्या ठोकता ठोकता उजवा गुडघा चोळत होते, त्यावरून विषय कळला.

उठल्यावर मात्र तात्या पुन्हा पंगतीतले तात्या झाले. प्राध्यापकांना नाही कसं म्हणायचं? शब्द दिलेला. टेम्पो सांगितलेला. फोन हातात घ्यायचे, ठेवायचे. “तुमी करता का?” त्यांनी मला विचारलं. मी तर अनोळखी माणसाचा फोन आला की उचलतच नाही. आम्ही दोघं म्हातारे त्या फोनकडं बघत बसलो.

शेवटी काकूंनीच नंबर लावायला सांगितला.

“सर, मी आसाराम पोकळ्यांच्या घरून बोलते. उद्या टेम्पो आणू नगा... न्हाई न्हाई, तब्येत चांगली हाय... सेटबी चांगला हाय. त्यो रिकामा न्हाई, एवढंच.” मग पलीकडचं थोडं ऐकून म्हणाल्या, “कधी रिकामा व्हईल ते कसं सांगावं, सर? दोघांचेबी गुडघे दुखत्यात, बोलायला लई हाय त्यांना.”