आठवडाभर आधी कळलेला निकाल

इथे परदेशात, अल्बनीच्या बस डेपोत आम्हा ड्रायव्हरांना दुपारी तीन तास रिकामे मिळतात. झोपायला ते अपुरे आणि घरी जाऊन यायला तर फारच अपुरे. पंचेचाळिशीचा गणेश पहाटेपासून बस चालवून तेव्हा डोळे चोळत डबा खातो. शेजारी मी, चोळायचीही ताकद नसलेला.

परवा सामोआ बेटांवरचा एक सहकारी मोबाईलवर जुन्या कुस्त्या बघत बसला होता. अमेरिकेतल्या त्या दोन कंपन्या, एकाच वेळी टीव्हीवर यायच्या आणि एकमेकींचे प्रेक्षक पळवायच्या. कुस्ती नुराच, निकाल आधीच ठरलेली, पण कंपन्यांचं भांडण खरं.

"तू कुठल्या साइडचा होतास, ब्रो?" त्यानं गणेशला विचारलं.

"जिंकलेल्या," गणेश म्हणाला आणि त्यानं डबा झाकला. मग मला सगळं ऐकावं लागलं.

पुण्यात त्यांच्या घरी टीव्ही एक आणि भाऊ दोन. थोरला प्रमोद एका कंपनीचा, गणेश दुसरीचा. रिमोटवरून रोज हातघाई. पुढे वडील म्हणाले, परदेशी शिकायला एकालाच पाठवू शकतो, कोण ते तुम्हीच ठरवा. असं पोरांवर सोडणारा बापही धन्य. गणेशनं पैज सुचवली: ज्याची कंपनी आधी बुडेल त्यानं घरी राहायचं. प्रमोद हसून हो म्हणाला.

आपल्याकडे ते कार्यक्रम आठवडाभर शिळे यायचे. आणि पैज लावली त्याच सकाळी गणेशनं सायबर कॅफेत वाचलं होतं, दादाची कंपनी विकली गेली. आठवड्यानं प्रमोदनं ते टीव्हीवर पाहिलं, रिमोट खाली ठेवला आणि शब्द पाळला.

त्याला आता वीसहून जास्त वर्षं झाली. वडील गेले. आई, आशालताबाई, तीन वर्षं अंथरुणाला खिळल्यात. प्रमोदनं लग्न केलं नाही. आईचं सगळं तोच एकटा करतो. गणेश दर रविवारी व्हिडिओ कॉल करतो, "दादा, तू ग्रेट आहेस" म्हणतो आणि आठवडाभर स्वतःवरच चिडलेला असतो.

"सांगून टाक एकदाचं," मी म्हणालो. खरं तर मला पडायचं होतं.

त्यानं तिथल्या तिथे फोन लावला आणि स्पीकरवर टेबलावर ठेवला. पुणे आमच्या सहा-सात तास मागे, तिथे अजून सकाळ होती.

"दादा, ती कुस्तीची पैज मी चीटिंग करून जिंकलो. निकाल मला आधीच माहीत होता."

"कुठली पैज?" पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग, "अच्छा, ती."

"मला माफ कर."

"केलं. पुढे?" प्रमोदचा आवाज चढला नव्हता, नुसता थकलेला होता. "तीन वर्षांत एकदाही सलग झोपलेलो नाही रे मी. माफीचं काय करू? तू दोन महिने ये. मला झोपायचंय."

गणेश सवयीनं "बघतो" म्हणायला गेला. तो शब्द मी त्याच्या तोंडून शंभरदा ऐकलाय. या वेळी त्यानं तो गिळला, खुर्ची मागे सरकवली आणि सुपरवायझरच्या केबिनकडे चालायला लागला.

फोन टेबलावर चालूच राहिला.

"हॅलो? गण्या, आहेस का?"

"तो रजा मागायला गेलाय," मी सांगितलं.