चिठ्ठीवाल्या पिच्चरचा शेवट

घाटंजीच्या बाजारात जुना माणूस भेटला की आजही खेमसिंगला "काय व्हिडिओवाले" अशीच हाक मारतो. आता त्याच्या घरी व्हिडिओ नाही, शेतात तूर आहे आणि तोंडात दात मोजके आहेत. पण नाव चिकटलं ते चिकटलं. त्यालाही त्याचं वाईट वाटत नाही. उलट कुणी नुसतं "खेमसिंगभाऊ" म्हणालं, तर हा आपल्याला फारसा ओळखत नाही असं तो धरून चालतो.

चाळीसेक वर्षांपूर्वी आसपासच्या बंजारा तांड्यांवर सिनेमा नेणारा तो एकटाच होता. बंडीत कडबा, कडब्यावर गोधडी, गोधडीत गुंडाळलेला कलर टीव्ही, आणि व्हीसीआर मात्र स्वतःच्या मांडीवर. बैल बुजले तरी चालतील, व्हीसीआरला धक्का लागता कामा नये. नवी नवरी असलेली रुपीबाई तेव्हा त्याला चिडवायची, की लग्नात मलेबी एवढं जपून आणलं नव्हतं तुमी.

दिवेलागणीला नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या मुख्याच्या, ओट्यासमोर टीव्ही मांडायचा. चित्रात मुंग्या आल्या की स्पिरिटचं फडकं घेऊन व्हीसीआरचं हेड पुसायचं, आणि तेवढ्यात लोक उठून जाऊ नयेत म्हणून पुढची गोष्ट आपणच सांगायची. या कामात खेमसिंगचा हात धरणारा कुणी नव्हता. हिंदी पिच्चरही तो म्हाताऱ्यांसाठी तांड्याच्या गोरबोलीत सांगे, आणि सांगता सांगता दोनचार गोष्टी पदरच्या घाली. नटाने नुसतं "चलो" म्हटलं तरी खेमसिंगचं भाषांतर मिनिटभर चाले.

त्यातलाच एक चिठ्ठीवाला पिच्चर. त्याचं खरं नाव इंग्रजी होतं आणि ते तांड्यात कुणाच्याच तोंडात बसलं नाही. यवतमाळची एक व्हिडिओ लायब्ररी बंद पडत होती, तिथून खेमसिंगने ही कॅसेट मारधाडीची समजून उचलली, कारण वेष्टणावर रणगाडा होता. जगभर नावाजलेला, बक्षिसं मिळवलेला सिनेमा आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. घरी येऊन लावतो तर रणगाडा जेमतेम पाच मिनिटं, बाकी सगळं प्रेम. पाव भाजायच्या दुकानात कामाला असलेली एक गोरी पोरगी, पूल बांधणाऱ्या पलटणीतला एक शिपाई, आणि त्यांच्या चिठ्ठ्या. मग सरकारी कागद येतो की तो परतला नाही. पोरगी मानत नाही, रोज स्टेशनवर जाऊन उभी राहते. शेवटी एक दिवस गाडी थांबते, धुरातून कपाळाला पट्टी बांधलेला शिपाई उतरतो, काहीतरी बोलतो, आणि ती त्याच्या गळ्यात पडून रडते. खलास.

तांड्याने त्याचा अर्थ एका क्षणात लावला: आला. दुसरा अर्थ लागणारच नव्हता. बंजाऱ्यांच्या बाया फार दिवसांनी आपल्या माणसाला भेटल्या की हसत नाहीत, रडतात. गळ्यात पडायचं, लांब सुरात शब्दाला शब्द जोडत रडायचं, मधल्या काळात कोण गेलं, कोण जन्मलं, काय काय सोसलं ते सगळं त्यात सांगायचं. रडणं झालं की डोळे पुसून पाहुण्याला पाणी द्यायचं, आणि मग ख्यालीखुशाली. रडल्याशिवाय पाणी दिलं तर ते कोरडं पाणी. तेव्हा ती गोरी पोरगी रडली म्हणजे तिचा माणूस आला, यात विचारायचं काय? कॅसेट जुनी, रंग उडालेले, आणि गोरे तर तांड्याला सगळे सारखेच दिसत. खेमसिंगलाही तसंच वाटलं. त्याने मोठ्या आवाजात सांगून टाकलं, "आला, तिचा शिपाई आला," आणि बायांनी पदरांनी डोळे पुसले.

रुपीबाईला तो पिच्चर फार आवडला, त्याला कारण होतं. तिचा धाकटा भाऊ लखीराम फौजेत होता. आईबाप लहानपणीच गेलेले, त्याला तिनेच वाढवलेला. श्रीलंकेत फौज गेली त्यात त्याची पलटण होती. आधी महिन्याला चिठ्ठी यायची, मग दोन महिन्यांनी, मग येईना. पोस्टमन दिसला की रुपीबाई हातातलं काम टाकून उभी राहायची. आणि तो तसाच पुढे गेला की दुपारी नवऱ्याला म्हणायची, "लावा ना तो. शेवट तेवढा लावा."

त्याच दिवसांत खेमसिंग घाटंजीला मधुसूदन सरांकडे त्यांचा बिघडलेला टीव्ही बघायला गेला होता. सर शाळेत इंग्रजी शिकवायचे. त्यांना तो सिनेमा पाठ होता. खेमसिंगने शेवट सांगितला तसे ते हसले आणि मग गंभीर झाले. "अहो, तो आला नाही. तो मेलाय. स्टेशनवर उतरतो तो त्याचा मित्र. शेवटपर्यंत तुझंच नाव घेत होता, असं तो तिला सांगतो. म्हणून ती रडते."

घाटंजीपासून तांड्यापर्यंत खेमसिंगने मनाशी ठरवलं होतं की आज बायकोला सांगून टाकायचं. घरी आला तर ती दारातच बसली होती. "आज बी पोस्टमन सीधा गेला," म्हणाली, आणि वर म्हणाली, "पण त्या पोरीच्या चिठ्ठ्या बी बंदच झाल्या होत्या की." खेमसिंग बैल सोडायला गोठ्यात गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही. एवढंसं खोटं, त्यानं कुणाचं काय बिघडतं, असं त्याने स्वतःला समजावलं.

पुढच्या महिन्यात लखीराम गेल्याची तार आली. रुपीबाई रडली नाही. "सरकारी कागद तिलेबी आलता," ती म्हणाली. आठ दिवसांनी फाट्याकडून एक फौजी चालत येताना दिसला, डोक्यावर पत्र्याची पेटी. रुपीबाई धावत सुटली. हात पसरलेले, तोंडातून सूर निघालेला. दहा हातांवर त्याचा चेहरा दिसला आणि सूर मध्येच तुटला. ती वळली, घरात गेली आणि तिने दार लावून घेतलं.

तो इंद्रजीत होता, कळंबकडच्या तांड्यातला, लखीरामच्या पलटणीतला. तास दीड तास तो लिंबाखाली बसून राहिला. खेमसिंगने शेजारच्या घरून पाणी आणलं, ते त्याने घेतलं नाही. "बाई माह्यापाशी रडली नाई. पाणी कसं पिऊ?" म्हणाला. लखीरामची पेटी ठेवली आणि आला तसा उन्हात निघून गेला.

त्यानंतर रुपीबाई भावासाठी सूर लावून कधी रडली नाही. तांड्यात कुणी भेटलं, कुणी गेलं, तर ती इतर बायांसोबत रडायची. लखीरामचं नाव मात्र त्यात येत नसे. पुढे घरोघरी डिश आली, खेमसिंगचा धंदा बसला, कॅसेटला बुरशी धरली. पोरं मोठी झाली. मुलगा भारत शेती पाहू लागला, मुलगी वर्षा नागपूरला नर्स झाली.

या दिवाळीला वर्षाने आईला सहज विचारलं, "याडी, तुला सगळ्यात आवडलेला पिच्चर कोणता?" रुपीबाईने कापसातलं लक्ष न काढता सांगितलं, "चिठ्ठीवाला. त्याच्यात तरी आलता." पोरीने आठ दिवसांत शोधून काढला. मधुसूदन सर अजून आहेत, त्यांनी नाव सांगितलं. नव्याने उजळवलेली डीव्हीडी, खाली हिंदीत अक्षरं, सोबत मैत्रिणीकडून मागून आणलेला प्लेअर.

खेमसिंग वायरी हातात घेऊन बसला. आयुष्यभर ज्याने मशिनं जोडली, त्याला अचानक वायर कुठली कुठे ते आठवेना. मग म्हणाला व्होल्टेज नाही. मग म्हणाला, एवढ्या जुन्या पिच्चरपेक्षा काही देवादिकांचं लावा.

"बापू, तुम्ही बसा बरं," वर्षा म्हणाली आणि तिने दोन मिनिटांत सगळं जोडलं.

भर दुपारी दार लोटून पिच्चर सुरू झाला. ती पाव भाजायची भट्टी दिसली आणि खेमसिंग सगळं विसरला. वर्षा खालची अक्षरं वाचू लागली तसं रुपीबाईने तिला गप्प केलं. "तू राहू दे. बापूले सांगू दे." आणि खेमसिंगने गोरबोलीत सांगायला सुरुवात केली. काय तो आवाज! पंचवीस वर्षांत तो असा बोलला नव्हता. पोरगी पीठ मळते तर हा पिठाचं माप सांगतो, शिपाई चिठ्ठी लिहितो तर त्यात नसलेल्या चार ओळी हा वाचून दाखवतो. शेजारची सोनीबाई दारातून डोकावली आणि "अगो, व्हिडिओ आला का?" म्हणत आत येऊन बसली. रुपीबाई गालात हसत होती. ते दिवस खरंच चांगले होते.

मग स्टेशन आलं. जुन्या कॅसेटमध्ये तिथे नुसता धूर आणि मुंग्या असायच्या. आता चित्र काचेसारखं स्वच्छ होतं. शिपाई उतरला. रुपीबाई पुढे सरकली, टीव्हीपासून हातभर अंतरावर गेली.

"ह्याचे डोळे दुसरे हाय," ती म्हणाली. "त्याचे घारे होते. हा कोण होय?"

खाली अक्षरं होती. वर्षाने ती वाचली होती आणि ती बापाकडे बघत होती. 'तोच हा' एवढं एक वाक्य रंगात येऊन बोललं असतं, तर अजूनही खपून गेलं असतं. पण रुपीबाईने वळून त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या डोळ्यांसमोर खेमसिंगला ते जमलं नाही.

"तो नाई आला," तो म्हणाला. "तो मेला. हा त्याचा दोस्त."

"तुमाले कवापासून माहीत?"

"लखीरामच्या चिठ्ठ्या बंद होत्या तवापासून."

पडद्यावर ती पोरगी रडत होती. सोनीबाई हळूच उठून गेली. रुपीबाई नवऱ्यावर ओरडली नाही, हे त्याला फार जड गेलं. तिने वर्षाला तेवढंच पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा पाहिलं, आणि म्हणाली, "म्हंजे दोस्त आला तरी रडता येते. त्या पोरीनं तेच केलं, अन् मी दार लावलं." मग थोड्या वेळाने, "वर्षा, उद्या गाडी काढ. कळंबाकडं जाचं हाय."

रात्री जेवताना ती नवऱ्याशी बोलली नाही. सकाळी गाडीतही नाही. खेमसिंग पुढच्या सीटवर बसून खिडकीतून कापसाची शेतं पाहत राहिला, आणि गाडी चालवणाऱ्या लेकीने दोघांशी आळीपाळीने बोलून पाहिलं.

इंद्रजीत अंगणात बाजेवर बसला होता. मिशा पांढऱ्या, गुडघ्याला पट्टा. त्याने या बाईला ओळखलं नाही. रुपीबाईने ओढणी कपाळावर ओढली, सरळ त्याच्यासमोर गेली आणि तिने सूर लावला. "रे भिया, लखीरामच्या सोबत्या, तुला उन्हात बसवलं रे" असं काहीतरी तो सूर सांगत होता. इंद्रजीत धडपडत उठला. ती त्याच्या खांद्याला लागून रडली, पुष्कळ वेळ रडली. लखीराम लहानपणी कसा होता, त्याला काय आवडायचं, पेटीत त्याचा कुठला सदरा निघाला, सगळं त्यात होतं. सदतीस वर्षांचं साचलेलं ते लवकर सरणार कसं?

इंद्रजीतच्या बायकोने पाण्याचा लोटा आणला. रुपीबाईने तो तिच्या हातून घेतला आणि इंद्रजीतपुढे धरला. त्याने घेतला, पण तोंडाला लावला नाही.

"बाई, एक विचारू का?" तो म्हणाला. "तो गेला अन् मीच कसा जित्ता आलो, म्हणून दार लावलं ना तुमी? मले तसंच वाटत राह्यलं. पोरं झाली, नातवंडं झाली, तरी वाटत राह्यलं."

"नाई रे भिया," रुपीबाई म्हणाली. "तू मले दिसलाच नाई. तो नाई, एवढंच दिसलं."

खेमसिंग गाडीजवळच उभा होता. आपल्या एवढ्याशा खोट्याने कुणाचं काही बिघडलं नाही, असं तो इतकी वर्षं धरून चालला होता. तो पुढे आला आणि उभ्या उभ्याच त्याने सगळं सांगितलं: पिच्चर, मधुसूदन सर, गोठा, सगळं. पदरचं काही घातलं नाही. इंद्रजीतने मान खाली घालून ऐकलं. मग लोटा तोंडाला लावून शेवटच्या थेंबापर्यंत पाणी प्याला.

"उभे काहून?" रुपीबाई नवऱ्याला म्हणाली. बाजेवर तिने थोडं सरकून जागा केली. "बसा. तुमचा बी तो मेव्हणा होता."

खेमसिंग बसला. बायांसारखा सूर त्याला येत नव्हता, त्यामुळे तो लखीरामसाठी नुसताच रडला.