आभाळ न बघता भिजवलेले गहू

माझा स्वभाव तेव्हाही उतावळा होता आणि आता या वयातही फारसा सुधारलेला नाही. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, शिमगा होऊन चार दिवस झाले असतील, मी सासूबाईंना न विचारता कुरडयांसाठी पाच शेर गहू भिजू घातले. आभाळाकडे मान वर करून एकदाही पाहिलं नाही.

माझं माहेर जालन्यात, मस्तगडला. वडील कचेरीत कारकून होते, तेव्हा सरकारी कारभार उर्दूत चाले म्हणून दिवसभर उर्दूत लिहायचे. मी शहरात वाढलेली. आमच्याकडे गहू कधी भिजवायचे ते मोठ्या बायका ठरवत. आम्हां मुलींचं काम कावळे हाकणं आणि राखणीच्या नावाखाली अर्धवट वाळलेल्या कुरडया तोंडात टाकणं. सासर कुंभार पिंपळगावजवळच्या खेड्यात. तिथे खळ्यावरची ज्वारी घरात आल्याशिवाय कोणी बाई कुरडयांना हात लावत नसे, कारण तोवर आभाळाचा भरवसा धरायचा नाही, अशी रीत होती. ही रीत मला कोणी सांगितली नव्हती, आणि खरं सांगायचं तर मी ऐकून घेण्याच्या मनःस्थितीतही नव्हते.

घाईचं कारण माझ्या ट्रंकेत तळाशी ठेवलेलं होतं. वडिलांचं कार्ड आलं होतं. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तिला सुई ओवता येत नव्हती, तांदूळ निवडता येत नव्हते. 'अजून आकार दिसतो, रंग थोडे कळतात. पावसाळ्यापर्यंत तेवढंही राहील असं वाटत नाही,' असं वडिलांनी लिहिलं होतं. मला आईनं एकदा नीट पाहावं, एवढंच माझ्या मनात होतं. घरात वाचता येणारी मी एकटीच. कार्ड वाचून दाखवताना मी 'सर्व खुशाल' म्हणून सांगितलं. सून माहेरी जायला आईचं दुखणं पुढे करते, असं कोणी म्हणू नये म्हणून. आणि सासूबाईंनी, ज्यांना मी आत्याबाई म्हणत असे, आधीच सांगून ठेवलं होतं की कुरडया झाल्या की माहेरी जा. मग मी कुरडयाच लवकर करायला निघाले.

तिसऱ्या दिवशी गहू वाटायला आले आणि दुपारी वारं सुटलं. आधी धूळ, मग दारं आपटणं, मग पाऊस. सासरे आणि आमचे हे कडब्याच्या पेंढ्या टाकून ज्वारी झाकायला खळ्यावर धावले आणि पुढचे दिवस तिथेच राहिले. जेवायला तेवढे यायचे, चिखलानं भरलेले, आणि लगेच परत जायचे. घरात आम्ही दोघी, आणि कोपऱ्यात आंबूस वास मारणारं माझं गव्हाचं घंगाळ.

आत्याबाईंनी झाकण उचलून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि झाकण परत ठेवलं. मला वाटलं, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी दर थोड्या वेळानं दारात जाऊन आभाळ बघायची. जेव्हा बघायला हवं होतं तेव्हा बघितलं नाही, आणि आता मान मोडेपर्यंत बघत होते.

दोन दिवस तसेच गेले. पाऊस जरा थांबायचा, वारं भणभणत राहायचं, पुन्हा सर यायची. आत्याबाई गोधडीला टाके घालत बसायच्या, मी वाती वळायची. मधूनच घंगाळातलं पाणी बदलायचं. बाहेर बाभळीच्या फांद्या मोडून पडल्या होत्या, शेजारच्या गोठ्यावरचं छप्पर एका बाजूनं उचकटलं होतं, आणि आमच्या घरात एवढी शांतता होती की सुईनं दोरा ओढल्याचा आवाज यायचा. ती सुई बघून मला आई आठवायची आणि डोळे भरायचे. मी तोंड फिरवून चुलीत फुंकर मारायची, म्हणजे धुराचं निमित्त होई.

पावसाच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी गोधडी खाली ठेवली आणि विचारलं, "एवढी जल्दी कशाची होती गं तुला?"

मी आधी काहीबाही सांगितलं. मग माझा तोल गेला. कार्ड आणून त्यांच्यापुढे ठेवलं, वाचता येत नाही हे विसरून, आणि रडत रडत सगळं सांगितलं. खोटं वाचलं होतं तेही सांगितलं. त्यांनी कार्ड उचलून उलटसुलट पाहिलं आणि माझ्या हातात परत दिलं.

"मंग गहू वाटायला घे," एवढंच म्हणाल्या.

ऊन नसताना कुरडया करायच्या म्हणजे वेडेपणाच. पण आम्ही दोघींनी गहू वाटले, चीक गाळला, बसू दिला. दुसऱ्या दिवशी चीक शिजवून घाटला, चुलीजवळ ओढलेल्या बाजेवर धोतर अंथरलं आणि त्यावर कुरडया घातल्या. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. निखारे जास्त झाले तर कुरडया करपणार, कमी झाले तर बुरशी येणार. चार दिवस आत्याबाई त्या शेगडीपाशी बसून होत्या. सरपण ओलं, सगळ्या घरात धूर. त्यांचे डोळे लाल झाले, आवाज बसला. मी म्हटलं, आत्याबाई, सोडा हे, म्हशीला घालू. त्यांनी माझं बोलणं मनावरच घेतलं नाही. कुरडया झाल्याशिवाय जायचं नाही हा शब्द त्यांचाच होता, आणि तो मोडण्यापेक्षा पुरा करून मला पाठवणं त्यांना सोपं वाटलं असावं. कुरडया अखेर वाळल्या, पण शुभ्र व्हायच्या त्या तांबूस झाल्या आणि प्रत्येकीला धुराचा वास.

पाऊस गेला. काळी माती गाडीच्या चाकांना सोडेना म्हणून आणखी तीन दिवस थांबावं लागलं. परतूरपर्यंत बैलगाडी आणि पुढे आगगाडी असा बेत ठरला. निघायच्या सकाळी मी माझं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आले. आत्याबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हे न्हाई. सोड ते."

त्यांनी स्वतःच्या पेटीतून पिवळं लुगडं काढलं, हळदीच्या समारंभात नेसतात तसलं भडक. मला ते बिलकुल आवडलं नाही. शहरात जायचं आणि असं नेसायचं, म्हणून मी तोंड वाकडं केलं. पण जातानाच वाद नको म्हणून नेसले.

मस्तगडला पोचले तेव्हा दुपार होती. आई ओट्यावर बसली होती, तोंड रस्त्याकडे. मी काही बोलणार तेवढ्यात तीच म्हणाली, "अगं बाई, एवढं पिवळं कोण आलं?" ती उठली, दोन्ही हात पुढे करून माझ्यापर्यंत आली, आणि माझं तोंड उन्हाकडे वळवून कितीतरी वेळ बघत राहिली. तिला किती दिसलं कोण जाणे. पण मी येताना तिला दिसले होते. तळलेल्या कुरडया तिनं खाल्ल्या आणि म्हणाली, धुरात वाळवल्यात, कोणीतरी फार खस्ता खाल्ल्यात.

महिन्यानं सासरी परतले. आत्याबाई ज्वारी पाखडत होत्या. लुगडं घडी करून त्यांच्यापुढे ठेवलं आणि विचारलं, कमी दिसणाऱ्या माणसाला पिवळं कळतं, हे तुम्हांला कसं ठाऊक?

सूप थांबलं नाही.

"माझ्या मायला दिसत न्हवतं," त्या म्हणाल्या. "लगीन झाल्यावर पहिल्यांदा गेल्ते, हिरवं नेसून. दारात हुभी होते. माय माझ्याकडंच तोंड करून भावाला इचारू राह्यली, लेक कव्हा येनार म्हनून."