पत्र्याखालची झोप

शिडीवरून माळ्यात डोकं काढलं आणि तिथेच थांबले. सर्व्हेच्या कागदावर माळा रिकामा होता. समोर खाटेवर एक माणूस झोपला होता, अंगावर ओला टॉवेल टाकून. भर दुपार, वर तापलेला पत्रा. आत श्वास घेतला तरी नाक भाजत होतं.

"कोण रे तू?"

तो दचकून उठला. "विलास, मावशी. भाड्यानं राहतो. रात्रपाळी करून आलोय."

माझं काम आधी सांगते. मी चौथी शिकलेली. सगळा जन्म गिलावा आणि पत्र्याच्या कामात गेला. नवरा गेल्यावर त्याची टोळी मी चालवायला घेतली, ती अजून चालवते. चाकणच्या बाजूला एका कंपनीची संस्था जुन्या दगडमातीच्या घरांना अनुदान देते. घर उन्हाळ्यात थंड राहावं आणि वीज कमी लागावी म्हणून. माल आणि मजुरी संस्थेची. मालकाने फक्त घर खरं दाखवायचं.

यातलं मुख्य काम इन्सुलेशनचं. म्हणजे जाड, हलक्या शीट. रजईसारखंच ते. रजई थंडी बाहेर ठेवते, ही शीट ऊन बाहेर ठेवते. पण रजई कुठे घालायची हे महत्त्वाचं. माळा रिकामा असेल तर शीट माळ्याच्या फळ्यांवर अंथरतात. खालची खोली थंड होते, माळा तापला तरी कोणाचं काही बिघडत नाही. या घरात तसंच ठरलं होतं.

"संस्थेचे लोक सर्व्हेला आले तेव्हा कुठे होतास?" मी विचारलं.

"नानांनी दिवसभर बाहेर पाठवलं. सामान गोणपाटाखाली झाकलं."

नाना म्हणजे अर्जावरचे मालक. स्वतः पुढच्या नव्या बंगल्यात राहतात. जुन्या घरात खाली देव आहेत, सगळ्या भावकीचे. घरही भावकीचंच, वाटण्या झालेल्या नाहीत. वर्षातून एकदा गोंधळाला सगळे जमतात, आणि गोंधळ तोंडावर आला होता. नानांना देवाची खोली गार आणि नीटनेटकी हवी होती. माळ्याचं भाडं मात्र नाना एकटेच घेत होते, गुपचूप.

विलास परभणीकडचा. चाकणला एका कारखान्यात प्रेसवर. "झोपच होत नाही मावशी. परवा मशीनवर डोळा लागला. हात थोडक्यात वाचला."

मी शिडी उतरायला लागले तसा तो कळवळला. "काही बोलू नका. नाना काढून टाकतील मला."

"काढलं तर माझ्याकडे ये. माझाही पत्राच आहे, पण पंखा आहे."

खाली येऊन मी काम थांबवलं आणि संस्थेच्या मॅडमला फोन केला. मॅडम वयाने लहान, पण कामाची पक्की. ती स्कूटीवर पोचली तोवर नानाही आले.

"मावशी, काम का थांबलंय?" नानांनी विचारलं.

"वर माणूस आहे."

"तो पाव्हणा हाय."

"आणि त्याची गॅसची टाकी? तीपण पाव्हणी का?"

"तुमाला कामाला बोलावलंय. पंचायत करायला न्हाई."

"शीट फळ्यांवर टाकली की वरची हवा वरच कोंडणार. खाली तुमचे देव गार आणि वर हा माणूस भट्टीत. मी टाकणार नाही."

"देवाचं काम हाय, जरा जपून बोला."

"देवाला रात्रपाळी नाही, नाना."

मॅडम माळा बघून आली. घामाने भिजली होती. म्हणाली, "शीट पत्र्याच्या खालून लावू. वरही थंड राहील, खालीही. माल तेवढाच लागेल. पण वर माणूस राहतो असं मला अहवालात लिहावं लागेल."

"लिहायचं न्हाई," नाना म्हणाले.

"मग इन्सुलेशन होणार नाही. खोटं मी लिहीत नाही."

"नका करू. आन् इलास, तू सांजच्याला सामान उचल."

विलास खांबाला टेकून उभा होता. माझ्याकडे बघितलं त्याने. त्या नजरेत शिवी होती, आणि ती मला लागू होती. आता मागे हटणं मला जमणार नव्हतं.

सडलेले पत्रे बदलायचं काम मंजूर यादीत वेगळं होतं. मी मॅडमला विचारलं, "पत्रे बदलायचे आहेत ना?"

"हो, ते ठरलेलंच आहे."

"चला गं," मी टोळीला म्हटलं. "पत्रे उतरवा."

"कुणाला इचारून?" नाना ओरडले.

"यादीवर सही तुमचीच आहे."

टोळीतल्या बायका वर चढल्या. बोल्ट गंजलेले, पण निघाले. एकेक पत्रा खाली आला आणि माळा उघडा पडला. खाट, टाकी, दोरीवर वाळत घातलेला कंपनीचा शर्ट. शेजारच्या गच्चीवर नानांचे चुलतभाऊ अण्णा आवाज ऐकून आले होते. ते कठड्यावरून वाकले.

"अरं नाना, ही खाट कुणाची?"

अण्णांनी दोरीकडे बोट केलं.

"आन् हा शर्ट? तू कवापास्नं कंपनीत लागला?"

गल्ली हसली. नाना हसले नाहीत.

संध्याकाळी भावकी अंगणात बसली. काय काय बोलणं झालं ते मी लिहीत नाही, देवासमोर बोलण्यासारखं नव्हतं. छप्पर उघडं आणि गोंधळ तोंडावर, त्यामुळे लांबण लावून चालणार नव्हतं. शेवटी माळ्यावर भाडेकरू राहतो असं लिहिलेल्या कागदावर सगळ्यांनी सह्या केल्या. मॅडमने अहवालात विलासचं नाव घातलं. आम्ही नवे पत्रे चढवले, खालून शीट लावल्या, हवेला झरोके ठेवले. गोंधळ झाला. आम्हाला प्रसाद अण्णांच्या घरून आला, नानांकडून पाणीही नाही.

विलास आता दुपारी झोपतो. भाडं सगळ्या भावांत वाटलं जातं. त्याला काढायचं तर सगळ्यांचं एकमत लागतं, आणि त्यांचं नैवेद्याला पुरण करायचं की शिरा यावरही एकमत होत नाही. तो निवांत आहे.

नानांनी गावात सांगितलं, त्या बाईला दारात उभी करू नका. मी अजून त्याच गावात काम करते. मॅडम आता सर्व्हे दुपारीच करते. घर थंड करायचं तर आधी तिथे कोण झोपतं ते बघावं, आणि मालकाच्या तोंडून ऐकू नये.

पुढे अण्णांनीही त्यांच्या जुन्या घराचं काम काढलं. मी गेले आणि आधी शिडी मागितली.

"माळा रिकामाच हाय, मावशी," अण्णा म्हणाले.

"असेल," मी म्हटलं. "शिडी आणा."