जावई दिला डिंगोऱ्याला

मी माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा डिंगोरेकरांना देऊन टाकला. बदल्यात कबड्डीचा एक तरणा रेडर घेतला आणि पुढच्या हंगामात नवी पोरं निवडायचा पहिला मान घेतला. सौदा रीतसर झाला, साक्षीदार होते, भेळ झाली, चहा झाला. फक्त बहिणीला सांगायचं राहिलं. आणि बहिणीच्या नवऱ्याला. (एवढं सोडलं तर व्यवहार अगदी चोख!)

याला कारण ऑस्ट्रेलिया.

हसू नका. माझा मुलगा सुशांत शिकायला मेलबर्नला आहे. तिकडे फुटबॉलचा एक न्यारा प्रकार खेळतात. मैदान अंड्यासारखं, चेंडूही लांबुळका, आणि बिनबाह्यांच्या बनियनवर अठरा-अठरा धिप्पाड गडी त्या चेंडूमागं उधळलेले. सुशांत मला व्हिडिओ पाठवायचा. खेळ मला काडीचा कळला नाही. पण एकदा तो म्हणाला, "पप्पा, खरा खेळ तर हंगाम संपल्यावर असतो. सगळे क्लब एकमेकांत खेळाडूंची अदलाबदल करतात. वय झालेला गडी, त्याला मागणी आहे तोवरच द्यायचा आणि तरणा घ्यायचा. शिवाय जो संघ शेवटी आला, त्याला नवी पोरं निवडायचा पहिला मान. तो मानसुद्धा अदलाबदलीत मागून घेता येतो!"

"म्हणजे बेल्ह्याचा बैलबाजारच की रं!"

"तसंच. फक्त दात बघत नाहीत, गुडघे बघतात."

गुडघे म्हणताच माझ्या डोळ्यांपुढं आमचे दाजी उभे राहिले. तिथंच घात झाला.

मी पिंपरी पेंढारला खताबियाण्याचं दुकान चालवतो आणि गावच्या कबड्डी संघाचा मॅनेजर आहे. (मॅनेजर म्हणजे पोरांच्या जर्शा धुऊन आणायच्या आणि हरल्यावर शिव्या खायच्या.) आमच्या पंचक्रोशीच्या लीगमध्ये एक नियम आहे. प्रत्येक गावाला बाहेरगावचा एकच खेळाडू चालतो, आणि तो गावचा जावई असला पाहिजे. आमचा जावई म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, मंगलचा नवरा. राहणार डिंभे. धरणात मासेमारी करून हातांचे पंजे असे झालेले, की दाजींनी एकदा घोटा धरला की गडी सुटायची भाषा विसरायचा. दर सामन्याला डिंभ्याहून यायचे, येताना आईसाठी मासळी आणायचे आणि सासरवाडीसाठी जीव तोडून खेळायचे.

पण यंदा यात्रेतल्या फायनलला दाजींचा गुडघा ऐन वेळी वाकला तो वाकलाच. आम्ही हरलो. घरी सगळे दाजींच्या गुडघ्याला तेल चोळत होते आणि मी कोपऱ्यात बसून मोबाईलवर ऑस्ट्रेलिया बघत होतो.

मग मी लीगच्या ग्रुपवर अदलाबदलीची टूम काढली. लोकांनाही पावसाळ्याआधी काहीतरी करमणूक हवीच होती. लीगचे अध्यक्ष सलीमभाई, जुन्नरला त्यांचं रंगाचं दुकान आहे, तिथं बैठक भरली. डिंगोऱ्याकडून नामदेवतात्या आले होते. त्यांचा संघ लीगमध्ये शेवटी आलेला, त्यामुळं ज्या वाड्यावस्त्यांना स्वतःचा संघ नाही तिथली नवी पोरं (ती बाहेरगावची धरत नाहीत) निवडायचा पहिला मान त्यांचा. मी लगेच जाहीर केलं, "आमचे दाजी घ्या. आमाला तुमचा तो सागर द्या, त्याची सोयरीक आमच्याच गावात जमलीय, आन निवडीचा पहिला मान द्या."

सलीमभाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"भाऊ, जावई हाय तो. बैल न्हाई."

"तसं नाय भाई, ही स्ट्रॅटेजी असती. ऑस्ट्रेलियात…"

"ऑस्ट्रेलियात जावई असत्यात का न्हाई, मला ठावं न्हाई. पन आपला नियम काय? बाहेरचा गडी जावईच पायजे. मग डिंगोऱ्यानं त्येला जावई मानायला नको का?"

"मानतो की!" नामदेवतात्या ताठ बसले. "आमाला गावात जावई लई हायेत, पन खेळणारा एक न्हाई. टोपी-टॉवेल देऊ, मानपान करू. आमी अर्धवट काम करत नसतो."

"बहिणीला इचारलं का?" सलीमभाईंनी माझ्याकडं बघून विचारलं.

"इचारलं की!" मी म्हणालो.

हे मी का बोललो, मला आजतागायत कळलेलं नाही. जीभ बाकी सगळीकडं अडखळते, तिथंच कशी सुळकन् घसरली!

हंगामाला अजून अवकाश होता. म्हटलं, सवडीनं सांगू. एक दिवस मनाचा हिय्या करून डिंभ्याला निघालोही. घोडेगावला उतरून पुढच्या गाडीची वाट बघत बसलो. गाडी आली नाही. (डिंभ्याची गाडी येत नाही यात नवल काहीच नव्हतं, पण मला त्यात देवाची इच्छा दिसली.) भजी खाल्ली आणि हलक्या मनानं घरी आलो.

डिंगोरेकर मात्र एसटीवर अवलंबून नव्हते. त्यांच्याकडं जीप होती.

दोनच दिवसांत मंगलचा फोन. "दादा, दारात डिंगोऱ्याची मानसं आल्यात. टोपी, टॉवेल, नारळ आन मला साडी घिऊन. म्हणत्यात, आजपासनं आमी तुमचं माहेर. काय भानगड हाय?"

"तू आधी त्यांना चहा कर," मी म्हणालो.

"चहा झाला! भानगड काय ते सांग!"

मी सांगायला लागलो. ऑस्ट्रेलियापासून सुरुवात केली. मेलबर्न येईपर्यंत तिनं फोन दाजींच्या हातात दिला होता. दाजी ऐकत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "बरं केलंत. टोपी डोक्याला बराब्बर बसली," आणि फोन ठेवला.

पण खरी परीक्षा घरीच होती. अधिक महिना तोंडावर आलेला. अधिकात लेक-जावयाला घरी बोलावून धोंड्याचं जेवण घालायचं, अनारसे द्यायचे, हा आईच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा सोहळा. अनारशाचं पीठ तयार. जावईबापूंना धोतरजोडी आणलेली. आणि मी तिच्यापुढं उभा राहून म्हणालो, "आई, जावई डिंगोऱ्याला दिला."

"म्हंजी?"

"अदलाबदली केली."

आईनं कपाळावर हात मारला. "आरं मुडद्या! लोकं लेकीला जावई शोधत्यात, तू व्हता त्यो घालवलास! बदल्यात काय आनलंस?"

"रेडर."

"त्यो मला आई म्हणंल का? त्यो मंगलला घिऊन यील का?"

मी मोबाईलवरचं ऑस्ट्रेलिया बंद केलं.

आईनं जेवण सोडायची धमकी दिली, तसा मी मोटारसायकल काढून डिंभ्याला गेलो. (या वेळी देवाच्या इच्छेवर विसंबलो नाही.) दाजी ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसलेले. डोक्यावर डिंगोऱ्याची टोपी! मला बघून म्हणाले, "या पावणं, बसा."

पावणं! वर्षानुवर्षं ज्यांनी मला 'दादा' म्हटलं त्यांनी मला पावणं केलं. मंगलनं चहा पुढं ठेवला. साखरच नव्हती त्यात. मी मुकाट्यानं प्यायलो.

"धोंड्याचं आवतान द्यायला आलोय दाजी. आईनं सांगावा धाडलाय."

"आवतान आलंय की आमाला. डिंगोऱ्याचं." दाजींनी जाळ्यातून मान वर केली नाही. "येका अधिकात दोन सासरवाड्या कश्या करायच्या? नियमात बसत न्हाई."

तिथून मी तडक डिंगोऱ्याला. नामदेवतात्यांच्या हातापाया पडलो. म्हटलं, तुमचा सागर परत घ्या, निवडीचा पहिला मान परत घ्या, आमचे दाजी द्या.

"सागर कुठनं देता राव?" तात्या म्हणाले. "त्यो पोलीस भरतीत लागला. गेला बी ट्रेनिंगला. तुमाला बोलला न्हाई?"

कुणीच मला काही बोलत नव्हतं. न सांगण्याचा माझाच नियम माझ्यावर उलटला होता, आणि जावईही गेला, रेडरही गेला.

"मग दाजी तेवढे…"

"गडी परत दिला असता. पन त्यो आता जावई हाय आमचा. गावजेवान ठरलंय. तुमी बी या की," आणि मग तात्या जरा थांबून म्हणाले, "तसं तुमचं त्येंच्याशी नातं काय लागतं आता?"

धोंड्याच्या दिवशी सकाळी उठून बघतो तर आई नऊवारी नेसून, अनारशाचा डबा मांडीवर घेऊन ओट्यावर बसलेली. शेजारी माझी बायको, सुनंदा, तीही तयार.

"कुठं?"

"लेक जिथं धोंडा खाणार तिथं," आई म्हणाली. "जावई दिलास, लेक दिलीस, आता मला बी दिऊन टाक डिंगोऱ्याला. म्हंजी मोकळा हुशील."

गाडी केली आणि निघालो.

डिंगोऱ्यात देवळापुढं मांडव घातलेला. दाजी पाटावर, शेजारी मंगल नवी साडी नेसून. ताटाभोवती दिवे, ताटात पुरणाचे धोंडे. नामदेवतात्या स्वतः दाजींचे पाय धुवायला वाकलेले. पंचक्रोशीतला झाडून सगळा माणूस जमलेला. सलीमभाई जुन्नरहून आलेले, त्यांनी मला लांबून बघितलं आणि नुसती मान हलवली. आईला डिंगोऱ्याच्या बायांनी हाताला धरून नेलं, पंगतीत मानानं बसवलं. मांडवात मला ओळखीचं नाही असं कुणी नव्हतं आणि बस म्हणणारंही कुणी नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एका म्हाताऱ्यानं दाजींना विचारलं, "ह्यो खांबाला टेकून उभा हाय त्यो कोन?"

"त्यो व्हय?" दाजी म्हणाले. "आमच्या जुन्या सासरवाडीचा मॅनेजर."

मांडव हसला. सुनंदाही हसली. मी बघितलं!

तेवढ्यात मंगल उठून आली आणि माझ्या हातात मिठाची वाटी दिली. "उभा काय ऱ्हायलास? वाढ."

पंगतीत मीठ वाढायला लहान पोरांना लावतात. पन्नाशीचा मी, दुकानदार, मॅनेजर, वाकून वाकून पानापानावर चिमूट-चिमूट मीठ टाकत निघालो. मंगल लिंबाच्या फोडी घेऊन मागोमाग. चालता चालता हळूच बोलली, फक्त मला ऐकू येईल असं.

"दादा, त्यांचा गुडघा कवाच गेलाय. डाक्तरनं दोन साल झालं नगं म्हणून सांगितलंय. मी रोज म्हणायची, बास करा. त्ये म्हणायचं, दादाचा संघ हाय, नाय कसं म्हणू. तू नुसतं म्हणाला असतास ना, 'दाजी, आता थांबा', तर हसत थांबलं असतं. वर तुला मासळी घातली असती."

मला पुढचं पान दिसेना. डोळ्यांत मीठ गेलं म्हणालो. तिनं नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "खोटं तर धड बोलत जा."

दाजींच्या पानापाशी आलो. वाकलो तसाच राहिलो. म्हटलं, "दाजी, चुकलं. लई चुकलं. मला लाज वाटती."

दाजींनी मला नीट न्याहाळलं, बाजारात जनावर न्याहाळतात तसं. मग पानावरचा एक धोंडा उचलून माझ्या तोंडात कोंबला. "वाटू द्या थोडी. जाताना आईंना आमच्याकडं सोडा चार दिवस. आन दिवाळीला आमी पिंपरीला येतो. ह्या गावची टोपी घालून येनार बघा मातुर!"

मी घास गिळता गिळता हसलो आणि रडलो, आणि ठसका लागून तांब्याभर पाणी प्यायलो. आई दाजींबरोबर डिंभ्याला गेली. जाताना तिनं माझ्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाही, पण अनारशांतले दोन माझ्यासाठी सुनंदाकडं ठेवून गेली.

परतीच्या वाटेवर गाडीत मला जरा बरं वाटायला लागलं. आता मीही कुणाचा तरी जावई. सुनंदाचं माहेर ओतूर. म्हटलं, चला, निदान आपल्या धोंड्याची तरी सोय करू.

"काय गं, तुझ्या भावाचा फोन आला नाही यंदा? आवतान कधीचं हाय?"

सुनंदा खिडकीबाहेर बघत होती. "आला व्हता. त्यालाबी कळलंय सगळं. म्हणला, आपन बी आपला जावई देऊन टाकू कुनाला तरी."

"काय?"

"चार गावांत इचारलं त्यानं."

"मग? कोन घेतंय?"

"फुकट देतो म्हणला. तरी नगं म्हणली समदी."