उतारावर ब्रेकचं काय?

विलासदादा माझ्या चार क्रेट आंब्यांखाली गेला.

आज वर्ष झालं. गावात सगळे 'गाडी अंगावर आली' एवढंच म्हणतात.
गाडी त्याची होती. आंबे माझे होते. निदान हे तरी नीट लिहायला हवं.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी त्याला फक्त व्हिडिओत पाहिलंय. तो आमचा शेजारी. आधी मिरजोळ्याला एका वर्कशॉपमध्ये फिटर होता. ती नोकरी गेल्यावर घराच्या पडवीत ग्रासकटर दुरुस्त करायला लागला. आमच्याकडे आंब्याची बाग म्हटली की गवत कापायला ग्रासकटर आलाच, आणि ग्रासकटर आला की त्याचं बिघडणं आलंच.

माझे आबा ब्याऐंशीचे. गुडघे गेले तशी डोंगरावरची कलमं त्यांना दिसेनाशी झाली. अंगणात खुर्ची टाकून नुसते वर बघत बसायचे. एकदा दादाला सहज म्हणाले, यंदाचा मोहर डोळ्यांनी बघायला मिळाला असता तर बरं होतं.



दोन महिन्यांनी एका रविवारी दादा कानठळ्या बसवणारा आवाज करत अंगणात आला. ग्रासकटरचं इंजिन, भंगारातल्या मोपेडची चाकं, आणि वर तारेने आवळलेली प्लास्टिकची खुर्ची.

आबा त्यात बसून चढ चढले. माणूस चालतो त्याहून हळू. दादा बाजूने चालत रेस देत होता. वर पोचल्यावर आबा एका कलमाच्या बुंध्यावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले, आणि दादा हसला. तोच तो व्हिडिओ.

आता जे लिहायचं टाळत होते ते.

मी बारावीला फिजिक्स शिकवते. ग्रासकटरचा क्लच रेस सोडली की सुटतो. म्हणजे उतारावर इंजिन गाडीला धरून ठेवत नाही, ती आपली घरंगळते. मागच्या एका चाकाला सायकलचा ब्रेक होता, तेवढाच. पहिल्याच दिवशी हे माझ्या लक्षात आलं. विचारलंही.

"घाबरतेस कशाला गो मंजू," तो म्हणाला. "मी हाय ना फुडं."

भरलेली हातगाडी आमच्याकडे अशीच उतरवतात. माणूस पुढे, पाठ गाडीला टेकलेली, पाय रोवत रोवत खाली. त्याने जन्मभर तेच केलं होतं. आबांनाही त्याने तसंच खाली आणलं.

मी परत विषय काढला नाही. ब्रेकचा हट्ट धरला असता तर गाडी अडकून पडली असती आणि मोहर गळून गेला असता, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे सगळे इतके खूश होते की मला मोडता घालायचा नव्हता.

व्हिडिओखाली एका मैत्रिणीने विचारलं होतं, "उतारावर ब्रेकचं काय?"

मी उत्तर दिलं होतं, "आमचा विलासदादा आहे ना ब्रेक."
पुढे तीन हसरे चेहरे.

मे महिन्यात आंबा उतरवणाऱ्या गड्यांसाठी दादा त्याच गाडीवरून पाण्याचे कॅन घेऊन वर गेला होता. मी घरातून फोन केला.
"दादा, येताना गाडी रिकामीच ना? राहिलेले चार क्रेट टाक."
"टाकतो गो."

आबा पंचेचाळीस किलोचे. एक क्रेट वीस किलोचा.
असली गणितं मी रोज फळ्यावर सोडवते. फोनवर सोडवलं नाही.

वळणाशी वाळलेल्या पानांवर त्याचा पाय सरकला. गाडीने त्याला खालच्या गडग्याच्या दगडी भिंतीवर दाबलं. गडी धावत पोचले तेव्हा इंजिन चालूच होतं म्हणे. हॉस्पिटलमध्ये तो संध्याकाळपर्यंत होता.

बाराव्याला मी वहिनीला सांगितलं, क्रेट टाकायला मीच सांगितलं होतं.
ती ताटं उचलत होती. थांबली नाही.
"म्हायती हाय," म्हणाली. "तुला नाय म्हनायला त्याला कधी जमलंच नाय."

हे सांत्वन होतं की काय होतं, वर्षभर विचार करतेय. विचारायची हिंमत झालेली नाही.

गेल्या आठवड्यात तिला म्हटलं, तो व्हिडिओ काढून टाकते.
"नको," ती म्हणाली. "त्यात तो हसतोय. हसतानाचा दुसरा फोटो नाय माझ्याकडे."

म्हणून व्हिडिओ आहे तिथेच आहे. मैत्रिणीचा प्रश्न आहे, माझं उत्तरही आहे. ते पुसून मी शहाणी ठरणार नाही.

आज सकाळी त्याखाली एक ओळ लिहिली.
"पुरेसा ब्रेक नव्हता. मला माहीत होतं."

दादा, तुला नमस्कार. तुझी मंजू.